पूरक नव्हे, शुद्धिपत्र

गुरुवार, १४ नोव्हेंबर

प्रिय सूनबाई,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या आईची कंबर आता बरी असेल, तिला माझा नमस्कार सांग. सासूचं जाडजूड पाकीट बघून ती धास्तावली असेल, तर हेही सांग की हे भांडायला लिहिलेलं नाही. भांडायचं असतं तर मी स्वतः आले असते.

'पत्रास कारण की' असं म्हणून लगेच कारण सांगून टाकायची रीत आहे. मी मात्र कारण शेवटी सांगणार आहे. तोवर घरच्या बातम्या वाच. उड्या मारत खाली जाऊ नकोस. मी उभं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवलं आहे, ओळी गाळून वाचणारा माणूस मला लांबूनही कळतो. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू 'हो आई, बरं आई' करून माझी बोळवण करतेस. कागदाची बोळवण करता येत नाही.

स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळायला लागला. तुझा नवरा रविवारी पाना घेऊन ओट्याखाली शिरला. आधी एका जागी गळत होता, आता दोन जागी गळतो. प्लंबर आला आणि म्हणाला की साहेबांनी हात लावला नसता तर पटकन झालं असतं. साहेब तेव्हा आतल्या खोलीत फोनवर असल्याचं नाटक करत होते. माझा डावा डोळा धुरकटलाय. गेल्या महिन्यात डॉक्टरांकडे जायचं होतं, ते राहिलं. का राहिलं ते पुढे येईल. दारामागच्या खुंटीवरचा तुझा पांढरा कोट मी काढला आहे. धुवायला नव्हे. तेही पुढे.

तुझा निरोप पोचला. "राजीनामा लिहिलाय, सोमवारी पाठवते. माझ्या हातांवर माझाच भरवसा राहिला नाही." तुझ्या नवऱ्यानं तो मला दोनदा वाचून दाखवला आणि म्हणाला, सोडू दे तिला, झालं तेवढं पुरे झालं. त्याचा तुझ्यावर फार जीव आहे, म्हणून अशा वेळी त्याची अक्कल चालत नाही. मी तुझ्या हातांचा विचार करत बसले, कारण ते हात मी पाहिलेत.

तुला आठवत नसेल, कारण तुला तेव्हा पत्ताच नव्हता. तू चष्मा घरी विसरलीस आणि मी तो द्यायला तुमच्या प्रयोगशाळेत आले. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं माझी अशी उलटतपासणी घेतली, जसा काही मी चष्म्याच्या डबीतून गांजा आणला होता. मग एका लांब बोळातून चालत गेले. फिनेलचा वास, भिंतीला टेकवून ठेवलेली मोडकी कपाटं, आणि शेवटी एक दार, त्याला हातभर काच. काचेतून तू दिसलीस. मी दार वाजवायला हात वर केला आणि तसाच ठेवला.

तुझ्यापुढे पोलिसांनी लाखेचे शिक्के मारून पाठवलेलं एक पाकीट होतं. ते तू फोडण्याआधी चारी बाजूंनी फिरवून पाहिलंस, शिक्का नंतर कुणी हलवला तर नाही ना म्हणून. आतून पोस्टाच्या तिकिटांसारखा कागद निघाला, चौकोनांवर हसरा चंद्र छापलेला. तू एक चौकोन चिमट्यानं उचललास, अगदी करंगळीच्या नखाएवढा. इथवर कुणीही केलं असतं. पण मग तू त्याच कागदाची कोरी किनार, जिच्यावर चंद्र नव्हता, तीही कापून घेतलीस. खोलीतले दिवे मालवलेस आणि दोन्ही तुकडे त्या जांभळट दिव्याखाली शेजारी शेजारी धरलेस. इतका वेळ बघत राहिलीस की मला वाटलं, तुला झोप लागली.

घरी आल्यावर मी विचारलं, कोरी किनार कशाला? तू म्हणालीस, पांढऱ्याशुभ्र कागदात चमक आणायला रसायन घातलेलं असतं, ते त्या दिव्याखाली निळं चमकतं. कागदात मुरलेला नशेचा पदार्थही निळा चमकतो. म्हणून मालाला विचारायच्या आधी कागदाला विचारायचं. हे तू ताटातून मान वर न करता बोललीस. मी मनात म्हटलं, ही तर आपल्यातलीच निघाली. त्याआधी मला तू फार शिष्ट वाटायचीस, हे आता सांगायला हरकत नाही.

मग आपलं ते भांडण. तुमच्या पाटीवर 'अंमली' आणि तुझ्या अहवालात 'अमली'. मी म्हटलं, दोन्हींतलं एक ठरवा. तू म्हणालीस, आई, तिथे लोक तुरुंगात जातायत आणि तुम्ही अनुस्वार धरून बसलाय. मी म्हटलं, लोक तुरुंगात जातायत म्हणूनच धरून बसले आहे. दोन दिवस आपण एकमेकींशी मिठापुरतं बोललो. तिसऱ्या दिवशी तू अहवालाचा मसुदा माझ्या ताटाशेजारी आणून ठेवलास आणि म्हणालीस, बघा एकदा. त्यातलं नावगाव तू झाकलं होतंस, तरीही मला ते मोठं वाटलं. त्यानंतर तुझ्या भाषेत एकही वेलांटी चुकली नाही.

तुझ्यामुळे मला या वयात काय काय कळलं म्हणून सांगू. तपासणीच्या रसायनाच्या त्या बाटलीतला थेंब टाकला की कागद जांभळा होतो, पण तेवढ्यावर तू कधी खूश व्हायची नाहीस. म्हणायचीस, यानं फक्त आडनाव कळतं. नाव कळायला अजून वेळ आहे. एकदा एका टोळीकडून जादूची अळिंबी म्हणून वाळवलेला माल पकडला होता. लोकांनी डोक्यात रंग फिरावेत म्हणून तो चढ्या भावानं घेतला होता. तू सगळं तपासून आलीस आणि बुटाची नाडी सोडता सोडता म्हणालीस, "आई, भाजीची आहे." मी हसून हसून खुर्चीवर बसले. तू मात्र लगेच गंभीर झालीस आणि म्हणालीस, उद्या कुणी भाजीची म्हणून दुसरी देईल, तेव्हाही असंच शेवटपर्यंत बघावं लागेल.

आता त्या संध्याकाळचं लिहिते. तू जेवायला बसलीस आणि घास हातात घेऊन पाण्याच्या भांड्याकडे बघत राहिलीस. तुझ्या नवऱ्याला वाटलं, मीठ जास्त झालंय. मग तू बोलायला लागलीस. तुमचं जुनं यंत्र दुरुस्तीला उघडलं होतं, म्हणून नव्यानं आलेले कागद तू दुसऱ्या यंत्रात घातलेस, जे माल न तापवता ओळखतं. त्यानं सांगितलं, हे एलएसडी नाही, त्याचा भाऊबंद आहे. तेच अंग, फक्त पाठीवर एक जादा तुकडा चिकटवलेला. जुनं यंत्र दुरुस्त होऊन आल्यावर तू तोच द्रव त्यात सोडलास, आणि ते म्हणालं, एलएसडी. तू पुन्हा सोडलास. पुन्हा एलएसडी.

"आई," तू म्हणालीस, "ते यंत्र एलएसडी शोधत नव्हतं. बनवत होतं."

तुझ्या नवऱ्याला काही कळलं नाही. मला मात्र कळलं, आणि ते तुझ्या शास्त्रामुळे नव्हे, आमच्या छापखान्यामुळे. आमच्याकडे जोडीनं तपासायची पद्धत होती. एकानं मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं छापलेल्यावर नजर ठेवायची. माझा वाचणारा जुना, जाणता माणूस. हस्तलिखितात चुकीचा शब्द असला तर तो वाचता वाचता आपसूक बरोबर वाचायचा. त्यालाही कळायचं नाही. माझ्या कानावर बरोबर शब्द यायचा, छापलेलाही बरोबर असायचा, मी खूण करून पुढे जायची. हस्तलिखितात खरं काय लिहिलं होतं, ते कुणालाच कळायचं नाही. तो माणूस खोटारडा नव्हता. शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत बदललेला असायचा. तुझ्या यंत्राच्या तोंडाशी ती तापलेली नळी होती, आणि तिच्यातून आत जाताना त्या भाऊबंदाच्या पाठीवरचा तुकडा गळून पडत होता.

मी हे सांगितलं तेव्हा तू पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलंस. मग एकदम उठलीस, हात धुतलेस, आणि नळ चालूच ठेवून म्हणालीस, "आई, मागच्या वर्षीचा तो फ्रेमवाला."

चित्रांना चौकटी करून देणाऱ्या दुकानातला तो तरुण. चंद्राचे कागद त्याच्याकडेच सापडले होते, म्हणजे मी काचेतून पाहिले तेच. तुझ्या एका ओळीवर तो वर्षाहून जास्त आत होता आणि खटला उभा राहायचा होता. दुसऱ्या दिवशी तू उरलेला नमुना मागून घेतलास. त्याचं उत्तर तू घरात सांगितलं नाहीस. तुझ्या चपला दारात उलट्या पडल्या होत्या, त्यावरून मला कळलं.

मग सगळे तुझ्या हिताचं बोलायला लागले. तुमचे साहेब म्हणाले, पद्धत सगळीकडे हीच आहे, तुझी एकटीची चूक नाही, एक पूरक अहवाल जोडून टाक. तुझा नवराही तेच म्हणाला. तू कुणाशी वाद घातला नाहीस. फक्त साक्षीच्या आदल्या दिवशी आम्हाला बजावलंस, उद्या घरातल्या कुणीही कोर्टात यायचं नाही.

डोळा दुखायला लागला. उरलेलं सकाळी लिहिते.

शुक्रवार, सकाळ

चहा झाला. तुझा नवरा नळाकडे न बघता कामावर गेला.

कालचं वाचून पाहिलं. दोन ठिकाणी वेलांटी चुकली होती, दुरुस्त केली आहे. आता जे टाळत होते ते लिहिते. साक्षीच्या दिवशी मी डोळ्याच्या डॉक्टरकडे गेले नव्हते. मी कोर्टात आले होते.

रागावू नकोस. म्हणजे रागाव, पण पुढे वाच. मी सगळ्यात मागच्या बाकावर, खांबाच्या आड बसले. तू मान वळवली असतीस तरी दिसले नसते. पंखा कुरकुरत होता, कोपऱ्यात कागदांचे गठ्ठे छतापर्यंत गेले होते, आणि लोक लग्नाच्या हॉलसारखे आत-बाहेर करत होते. माझ्या शेजारी एक बाई येऊन बसली. माझ्याहून बरीच लहान. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यात घडी घातलेली पँट आणि शर्ट. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच राहिली होती, शिलाई टाकून धावत आली असणार. मी तिला टेप दाखवली. तिनं ती काढून पिशवीत टाकली आणि जरा हसली.

मग तिनं विचारलं, "तुमचं कोण आहे?"

त्या बाकांवर तोच एक प्रश्न चालतो, हे मला नंतर कळलं. मी म्हणाले, "मुलगी."

सून म्हणायला तोंड उघडलं होतं, पण शब्द तो आला. मी तो मागे घेतला नाही. तिनं विचारलं, कशात अडकलीय? मी म्हटलं, असल्याच कागदांच्या भानगडीत. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, माझाही त्यातलाच, तो बघा, निळा शर्ट. आणि मी पाहिलं. तो तुझा फ्रेमवाला होता. मी त्याच्या आईशेजारी बसले होते.

मला उठून जाता आलं असतं. नाही गेले. ती बोलत राहिली. पोरगा काही देवाघरचा नाही म्हणाली, त्यानं ते पोस्टानं मागवलं, दोस्तांना दिलं, मी स्वतः त्याला थोबाडलं असतं. पण त्याला कुणीतरी सांगितलं होतं की यावर कायद्यानं बंदी नाही, आणि कागद तपासणाऱ्या बाईनं लिहिलं की आहे. "ती बाई आज येणार आहे," ती म्हणाली. "मला तिचं तोंड बघायचंय एकदा." मी पाण्याची बाटली काढून तिला दिली. दुसरं काय करणार होते?

आणि तू आलीस. केस घट्ट बांधलेले, हातात एकच फाइल. तुला मी घरात कितीदा बावरलेलं पाहिलंय, दूध उतू गेलं तरी बावरतेस. तिथे तू खांबासारखी उभी राहिलीस. सरकारी वकील भला माणूस होता, त्यानं तुझ्यासाठी वाट मऊ करून ठेवली होती. त्यानं विचारलं, "आपण या प्रकरणात नंतर एक पूरक अहवाल दिलात, बरोबर?" तुला फक्त हो म्हणायचं होतं.

तू म्हणालीस, "पूरक नाही. पूरक म्हणजे आधीचं बरोबर होतं आणि त्यात भर घातली. आधीचं चूक होतं. हे शुद्धिपत्र आहे."

सूनबाई, तो माझा शब्द आहे. आपल्या जेवणाच्या टेबलावरचा. छापून झालेल्या पुस्तकात चूक सापडली की आम्ही ती चिठ्ठी चिकटवायचो. मालक दर वेळी कटकट करायचे की कोण वाचतंय, आणि मी तुला ते रंगवून सांगायची. तू चहा पीत ऐकायचीस, मला वाटायचं कानामागे टाकतेस. तू तो शब्द त्या पिंजऱ्यात उभी राहून, सगळ्यांदेखत, स्वतःवर वापरलास. माझ्या डोळ्यांना आधीच धूसर दिसतं, त्यात आणखी भर पडली.

पुढचा किस्सा तर तुझ्या लक्षातही नसेल. टंकलेखक थांबला आणि त्यानं विचारलं, शुद्धिपत्र, धी ऱ्हस्व की दीर्घ? जज्जसाहेबांनी वकिलाकडे पाहिलं, वकिलानं छताकडे. मी बाकावरून ओरडणार होते. तू शांतपणे म्हणालीस, "पहिली वेलांटी." मी इतक्या जोरात श्वास सोडला की शेजारची बाई दचकली.

मग आरोपीच्या वकिलानं तुला धरलं. त्याला खरं तर तुझं बोलणं फायद्याचंच होतं, पण त्याला सवय होती. तो म्हणाला, म्हणजे दोष यंत्राचा. तू म्हणालीस, यंत्रानं जे आत आलं तेच सांगितलं. आणि मग, कुणीही विचारलेलं नसताना, तू सांगितलंस की त्या दिवशी थेंब टाकल्यावर रंग नेहमीपेक्षा उशिरा आला होता. "माझ्या लक्षात आलं होतं. बाटली जुनी झाली असेल असं मी धरून चालले आणि पुढे गेले. तिथे थांबायला हवं होतं." हे तू आम्हाला घरातही सांगितलं नव्हतंस. ते तू कुठेच सांगितलं नसतंस तरी जगात कुणाला कळणार नव्हतं.

जज्जसाहेबांनी विचारलं, मग हा पदार्थ त्या तारखेला बंदीच्या यादीत होता का? तू म्हणालीस, यादी बघणं कोर्टाचं काम आहे, तो पदार्थ काय आहे एवढं सांगणं माझं. आणि त्याचं ते लांबलचक नाव तू न अडखळता सांगितलंस. शेजारी बसलेल्या बाईला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण तिच्या वकिलाचा चेहरा कसा बदलला ते तिनं बघितलं. तिनं पिशवी छातीशी धरली.

तू पिंजऱ्यातून उतरलीस आणि खाली मान घालून आमच्या बाकाजवळून गेलीस. ती बाई तुझ्याकडे बघत राहिली. तिला तुझं तोंड बघायचं होतं ना, तिनं पोटभर पाहिलं. मी वाट बघत होते की आता काय बोलते. ती माझ्याकडे वळली आणि तिनं हळूच विचारलं, "हिला नोकरीवरून काढतील का हो?"

मी पदर डोळ्यांना लावला. तिला वाटलं, मी माझ्या मुलीच्या आठवणीनं रडतेय. तिनं माझी पाठ थोपटली. म्हणाली, माझा सुटेल असं दिसतंय आता, तुमचीही सुटेल.

तो सुटला. हलकं काहीतरी कलम राहिलं, दंड झाला, पण घरी आला. हे तुला माहीत आहे. तुला काढलं नाही, लेखी ताकीद दिली, तेही माहीत आहे. तरी तू त्या दिवसापासून कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाहीस आणि महिना झाला, माहेरी जाऊन बसलीस. तुझे साहेब काल पुन्हा फोनवर होते. म्हणाले, त्या जुन्या यंत्रातून गेलेले बाकीचे कागद परत तपासायचे ठरलंय, त्यातले कित्येक लोक अजून आत आहेत. दुसऱ्या कुणाला दिलं तर तो नियमानं सगळं करेल, पण रंग उशिरा आला तर थांबेल की नाही याची मला खात्री नाही. तुमची सून थांबेल. मी त्यांना म्हटलं, हे तिलाच सांगा. ते म्हणाले, ती फोन घेत नाही. तर हे मी सांगितलं. ज्या हातांवर तुझा भरवसा राहिला नाही, त्यांची कुणीतरी आत बसून वाट बघतंय, आणि त्याला हे ठाऊकही नाही.

मी तुला धीर द्यायला खोटं लिहीत नाहीये. मुद्रितशोधनात मी नामांकित माणसं पाहिली, विद्वान पाहिले. चुका न करणारा कुणीच भेटला नाही. शुद्धिपत्र स्वतःहून मागणारी तू एकटी भेटलीस. मला तुझा अभिमान वाटतो. हे तोंडावर मला म्हणता येत नाही, म्हणून लिहिते.

आता कारण. कोटाची डावी बाही तू कुठल्याशा ॲसिडनं जाळून ठेवली आहेस, कॉलर विरली आहे. मी तो मापाला म्हणून घेतला आणि नवा शिवायला टाकला. कुठे टाकला असेल? त्या बाईचं दुकान कोर्टात तिनंच सांगितलं होतं, शाळेच्या मागच्या गल्लीत, जिन्याखाली. मी गेले तेव्हा मुलगा तिथेच स्टुलावर बसून शर्टाला बटणं लावत होता. ती म्हणाली, घरी आला तरी आधी दार लावून बसायचा, कुणाशी बोलायचा नाही, आता जरा बटणं तरी लावतो. कोट हातात घेऊन तिनं विचारलं, मुलगी नर्स आहे का? मी म्हटलं, तसंच काहीसं. तू कोण, ते मी सांगितलं नाही. हे बरं केलं नाही, मला कळतं, पण ते सांगणं तुझं आहे.

कोट शिवून झालाय. मी आणणार नाही. जळलेल्या बाहीवरून माप नीट घेता येत नाही, ती म्हणाली, लांबी मुलीच्या हातावरच बघावी लागेल. निघताना तिनं विचारलं, तुमची सुटली का?

मी म्हटलं, सोमवारी कळेल.

तुझी,
मागच्या बाकावरची आई